आरसे नसलेला लेसर : त्याचा रंग कोण ठरवतं? (इयत्ता नववी-दहावीसाठी एक पाठ)



आजचा पाठ माझ्या एका चुकीवरून सुचला आहे, म्हणून आधी ती चूक सांगते.

विज्ञान दिनाची तयारी चालू होती. माझ्या वर्गाने लेसरचा तक्ता केला होता. तक्त्यावर तीन चौकटी होत्या : प्रकाश देणारं माध्यम, त्याला ऊर्जा पुरवणारा पंप आणि दोन टोकांना दोन आरसे. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आरसे काढले तर लेसर होणारच नाही का?" मी घाईत होते. "नाही होणार, आरसे हवेतच," असं म्हणून मोकळी झाले. ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली.

त्या रात्री तक्त्यावरची माहिती पडताळून बघताना लक्षात आलं, की आरशांशिवाय चालणारे लेसर कितीतरी वर्षांपासून प्रयोगशाळांत तयार होताहेत. त्यांना रँडम लेसर म्हणतात, मराठीत यादृच्छिक लेसर. दुसऱ्या दिवशी वर्गात सरळ सांगितलं, "काल मी चुकीचं उत्तर दिलं. आरशांशिवायही लेसर होतो." वर्ग जरा गोंधळला. मग त्याच मुलीने पुढचा प्रश्न टाकला, "मग बाई, त्याचा रंग कोण ठरवतं? आणि रंग बदलायचा झाला तर फिरवायचं काय?"

प्रश्न अगदी नेमका आहे. नेहमीच्या रंगद्रव्य-लेसरमध्ये आरशांच्या मधे प्रिझम किंवा बारीक रेघांची जाळी बसवतात आणि ती किंचित फिरवली की रंग बदलतो. रँडम लेसरमध्ये फिरवायला काहीच नसतं. तरीही त्याचा रंग हवा तसा सरकवता येतो. कसा, ते आज बघू या.

आधी थोडी उजळणी

रंगद्रव्याच्या रेणूला बाहेरून ऊर्जा दिली की तो वरच्या ऊर्जापातळीवर जातो. वर्गात मी त्याला 'जागा रेणू' म्हणते, आणि ऊर्जा न मिळालेल्याला 'झोपलेला रेणू'. जाग्या रेणूजवळून योग्य रंगाचा प्रकाशकण गेला, तर तो रेणू अगदी तसाच दुसरा प्रकाशकण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. याला उत्तेजित उत्सर्जन म्हणतात. वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते, म्हणून प्रकाश माध्यमात जितका जास्त अंतर फिरेल तितकी कमाई जास्त.

आरशांचं मुख्य काम हेच. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला लेसर चालवला, त्यात माणकाची कांडी होती आणि तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा थर दिलेला होता. प्रकाश त्या टोकांमध्ये येरझाऱ्या घालत वाढला आणि ६९४ नॅनोमीटरचा गडद लाल झोत बाहेर पडला. आरशांमुळे झोताला एक दिशाही मिळते, हे मुलांना जरूर सांगा.

आरशांचं काम गर्दी करते

आता समजा, आरसे काढले आणि माध्यमात हजारो बारीक पांढरे कण मिसळले. प्रकाश एका कणावर आपटतो, वळतो, दुसऱ्यावर आपटतो, पुन्हा वळतो. जत्रेच्या गर्दीत दहा पावलांवरच्या दुकानात पोचायला आपल्याला किती वेळ लागतो ते आठवा. अंतर तेवढंच, पण वाट लांबते. प्रकाशाचंही तसंच होतं. या लांबलेल्या वाटेवर त्याला भरपूर जागे रेणू भेटले, तर बाहेर पडून वाया जाणाऱ्या प्रकाशापेक्षा आत होणारी वाढ जास्त होते. हा उंबरठा ओलांडला की लेसर सुरू.

ही कल्पना सोव्हिएत संशोधक लेटोखोव्ह यांनी १९६० च्या दशकातच मांडली होती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात नबील लवांडी आणि सहकाऱ्यांनी रोडामिन जातीचं रंगद्रव्य मिथेनॉलमध्ये विरघळवलं, त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मिसळले आणि लेसरच्या स्पंदांनी त्याला ऊर्जा दिली. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे तेच, जे आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतं. कमी ऊर्जा दिली तेव्हा रंगद्रव्याची नेहमीची पसरट चमक दिसली. ऊर्जा उंबरठ्यापुढे नेली तेव्हा ती पसरट चमक आकसून काही मोजक्या नॅनोमीटरची झाली. पुढे हेच घन पॉलिमरमध्येही जमलं.

पॉलिमर का? कारण ते सोयीचं आहे. ॲक्रिलिकचं प्लास्टिक द्रावकात विरघळवायचं, त्यात रंगद्रव्य आणि पांढरे कण घालायचे, काचेवर पातळ थर पसरायचा आणि वाळू द्यायचा. सांडत नाही, कापता येतो, वाकवता येतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५ च्या आसपास किंवा थोडा वर. दोघांमधल्या या मोठ्या फरकामुळेच प्रकाश कणांवर जोरात वळतो. दहावीच्या अपवर्तनाच्या पाठाशी हा धागा जोडता येईल.

इथे एक सावधगिरी. विज्ञान दिन म्हटलं की रामन परिणाम आठवतो, आणि मुलं पटकन म्हणतात, "विकिरणाने रंग बदलतो." रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या विकिरणात प्रकाशाच्या थोड्याशा भागाची तरंगलांबी खरोखर बदलते. पण रँडम लेसरमधल्या पांढऱ्या कणांवर होणारं विकिरण तसं नाही. तिथे प्रकाशाची फक्त दिशा बदलते. रंग ठरतो तो दुसऱ्या कारणाने.

मग रंग ठरतो कसा?

रोडामिन ६जी या रंगद्रव्याचं उदाहरण घेऊ. ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, म्हणून प्रयोगशाळेत ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरने त्याला ऊर्जा देतात. सौम्य द्रावणात त्याची चमक ५५५-५६० च्या आसपास सर्वांत प्रखर असते आणि तिथून पिवळ्या-केशरीकडे पसरत जाते.

गंमत अशी, की शोषणाचा पट्टा आणि चमकेचा पट्टा एकमेकांवर थोडे चढलेले असतात. म्हणजे रंगद्रव्याने दिलेला हिरवट-पिवळा प्रकाश त्याच रंगद्रव्याचे झोपलेले रेणू गिळू शकतात. केशरी प्रकाश मात्र त्यांना गिळता येत नाही, तो सुटतो.

तेव्हा प्रत्येक रंगाचा जमाखर्च वेगळा. हिरवट-पिवळ्याची कमाई मोठी, पण खर्चही मोठा. केशरीची कमाई बेताची, पण खर्च जवळजवळ नाहीच. ज्या रंगाची शिल्लक सर्वांत जास्त, तो रंग लेसर म्हणून पुढे येतो. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे : रंग शिल्लक ठरवते. आणि रंग बदलायचा असेल तर हा जमाखर्च बदलायचा.

मैदानावरचा खेळ

फळ्यावर हे पटकन पटत नाही. माझ्या वर्गात पुढचा खेळ उपयोगी पडला. एक तास पुरतो.

पिवळ्या आणि केशरी चिठ्ठ्या करा. काही मुलांना मैदानावर कशीही विखरून उभं करा. त्यातली काही 'जागी' (हात वर), काही 'झोपलेली' (हात खाली). दोन मुलं 'प्रकाश' होतील. एकाकडे ५ पिवळ्या चिठ्ठ्या, दुसऱ्याकडे ५ केशरी. दोघांनी मुलांमधून वाट काढत जायचं.

नियम असे :

- जागं मूल पिवळ्याला २ चिठ्ठ्या देतं, केशरीला १. एका खेपेला एकेकदाच.
- झोपलेलं मूल पिवळ्याच्या ३ चिठ्ठ्या काढून घेतं. केशरीला हात लावत नाही.

पहिल्या खेपेला वाटेत ६ जागी आणि १ झोपलेलं मूल ठेवा. पिवळ्याकडे ५ + १२ − ३ = १४. केशरीकडे ५ + ६ = ११. पिवळा जिंकला.

दुसऱ्या खेपेला जागी ६ च, पण झोपलेली ४. पिवळ्याकडे ५ + १२ − १२ = ५. केशरीकडे ११ च. आता केशरी जिंकला!

झोपलेली २ ठेवली तर दोघांचे ११-११ होतात, तेही मुलांना करून बघू द्या. खऱ्या रेणूंमध्ये वाढ चक्रवाढीने होते आणि आपला हिशोब साध्या बेरजेचा आहे, एवढं शेवटी सांगून टाका. पण निकाल का फिरतो, ते या साध्या बेरजेतही दिसतं.

आता मुलांना विचारा, "आपण जागी मुलं बदलली नाहीत, नियम बदलले नाहीत. मग निकाल का फिरला?" उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. सांगायची घाई करू नका, हे मी स्वतःलाही बजावते आहे.

प्रयोगशाळेत रंग सरकवण्याचे मार्ग

खेळ समजला की पुढचे मार्ग मुलं स्वतःच ओळखू लागतात.

*१. रंगद्रव्याचं प्रमाण.* पॉलिमरमध्ये रंगद्रव्य वाढवलं आणि ऊर्जा तेवढीच दिली, तर जास्तीचे रेणू झोपलेलेच राहतात. लेसरचा रंग लांब तरंगलांबीकडे, म्हणजे तांबड्या बाजूला सरकतो. प्रमाण कमी केलं की उलट. हा सर्वांत साधा मार्ग. पण त्याला मर्यादा आहे. भाजीत तिखट किती घालायचं याला जसा सुमार असतो, तसंच इथेही. रंगद्रव्य फार झालं की रेणू एकमेकांना चिकटतात, मिळालेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते आणि चमकच विझते.

*२. पांढऱ्या कणांचं प्रमाण.* कण वाढवले की वाट लांबते. पण लांबलेली वाट कुणामधून जाते, ते महत्त्वाचं. ती जाग्या रेणूंच्या भागातच राहिली तर कमाई वाढते. झोपलेल्यांच्या भागात भटकली तर पिवळी बाजू गिळली जाते आणि रंग तांबड्याकडे झुकतो. म्हणून 'कण वाढवले की रंग अमुक बाजूलाच जाणार' असा ठोक नियम मुलांना देऊ नका.

*३. दोन रंगद्रव्यं एकत्र.* पहिलं रंगद्रव्य पंपाची ऊर्जा घेतं आणि ती शेजारच्या दुसऱ्याला देतं. दुसरं मग आपल्या अधिक तांबड्या रंगात चमकतं. दोघांचं प्रमाण बदलून रंग पहिल्याकडून दुसऱ्याकडे नेता येतो. एकाच रंगद्रव्याने थोडंसंच सरकता येतं, दोघांच्या मदतीने मोठी उडी घेता येते.

*४. आजूबाजूचं पॉलिमर.* तेच रंगद्रव्य वेगळ्या पॉलिमरमध्ये किंवा द्रावकात घातलं, की त्याच्या ऊर्जापातळ्या किंचित हलतात आणि चमकेचा रंगही हलतो. लवचीक, रबरासारखं पॉलिमर घेतलं तर ते ताणून थराची जाडी आणि कणांमधली अंतरं बदलता येतात. लेसर चालू असतानाच त्यावर ताबा ठेवायची ही एक वाट आहे.

*५. कणांचा आकार.* वेगवेगळ्या आकारांचे कण सगळ्या रंगांना साधारण सारखंच वळवतात. पण सगळे कण एकसारख्या आकाराचे गोल असतील, तर ते ठरावीक तरंगलांब्यांना जास्त जोरात वळवतात. २००८ मध्ये इटली आणि स्पेनमधल्या संशोधकांनी अशा गोलकांच्या साह्याने लेसरचा रंग रंगद्रव्याच्या आवडत्या रंगापासून दूर नेऊन दाखवला. इथे कमाईचा नियम तोच राहिला, पण कोणत्या रंगाला आत जास्त वेळ थांबवायचं, हे गोलकांनी ठरवलं.

*६. पंपाच्या प्रकाशाची नक्षी.* कुठले रेणू जागे करायचे हेच निवडलं तर? २०१४ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका कामात पंपाचा प्रकाश साध्या पट्ट्याऐवजी ठरावीक नक्षीत टाकला. नक्षी बदलत बदलत संगणकाने अशी नक्षी शोधली, की हवी ती तरंगलांबी पुढे यावी. आपल्या खेळात कुणी हात वर करायचे हे बदलून हवा तो खेळाडू जिंकवण्यासारखंच हे झालं.

घरी-शाळेत करता येणारा हळदीचा प्रयोग

रँडम लेसर शाळेत करता येत नाही. त्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढे छोटे आणि तीव्र प्रकाशस्पंद लागतात. बाजारातल्या लेसर पॉइंटरने तो होत नाही, आणि पॉइंटर डोळ्याला धोकादायक असतो. पालकांनी मुलांच्या हाती तो देऊच नये. पण या गोष्टीचा अर्धा भाग, म्हणजे रंगद्रव्याने स्वतःचाच प्रकाश गिळणं, हळदीने छान दाखवता येतो.

अर्धा चमचा हळद पारदर्शक पेल्यात घ्या, त्यात थोडं सर्जिकल स्पिरिट घालून ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. वरचं स्वच्छ पिवळं द्रावण दुसऱ्या पेल्यात काढा. हा झाला घट्ट पेला. तिसऱ्या पेल्यात नुसतं स्पिरिट घेऊन त्यात या द्रावणाचे चार-पाच थेंब टाका. हा सौम्य पेला. खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा प्रकाश टाका.

सौम्य पेला आतपर्यंत हिरवट चमकतो. घट्ट पेल्यात चमक टॉर्चच्या बाजूच्या पृष्ठभागाजवळच अडकते आणि पिवळट दिसते. आता सौम्य पेल्याची चमक घट्ट पेल्यातून आरपार बघा. हिरवटपणा गळतो आणि पिवळेपणा उरतो. झोपलेल्या रेणूंनी आपला वाटा काढून घेतला!

स्पिरिट पेट घेतं, म्हणून जवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी असू द्या. टॉर्चमध्ये थेट बघू नका. विकिरण दाखवायला दुधाचे थेंब घालायचे असतील तर वेगळ्या पेल्यात, साध्या पाण्यात घाला. स्पिरिटमध्ये दूध फाटतं. माझं पहिल्या वेळी फाटलं आणि वर्ग हसला.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. साध्या लेसरच्या उजेडात फोटो काढला तर त्यावर दाणेदार ठिपके येतात. रँडम लेसरचा प्रकाश तीव्र असूनही ते ठिपके टाळता येतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. सूक्ष्मदर्शकाला आणि पडद्यांना असा उजेड उपयोगी आहे. पडद्याला लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग लागतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रत्येक नमुन्याला आपापला रंग लागतो. म्हणून रंग सरकवता येणं गरजेचं ठरतं. शिवाय ताण, उष्णता किंवा आजूबाजूच्या पदार्थाने रंग सरकत असेल, तर तो सरकलेला रंग मोजून ताण किंवा उष्णता ओळखता येते. म्हणजे तो संवेदक झाला.

आणि हे सगळं फक्त परदेशात चालतं असं मुलांना वाटू देऊ नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही रँडम लेसरवर काम झालेलं आहे.

एक दोषही सांगा. पॉलिमरमधलं रंगद्रव्य तीव्र प्रकाशाने हळूहळू विरतं, उन्हात वाळत घातलेल्या कापडाचा रंग विटतो तसं. त्यामुळे असे लेसर फार काळ टिकत नाहीत.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. रंगद्रव्य विरत गेलं तर लेसरचा रंग कोणत्या बाजूला सरकेल? (गिळणारे रेणू कमी झाले, म्हणून आखूड तरंगलांबीकडे, असा तर्क अपेक्षित.)

२. आपल्या खेळात झोपलेल्या मुलाने ३ ऐवजी १ च चिठ्ठी घेतली, तर ६ जागी आणि ४ झोपलेली असताना कोण जिंकेल? (पिवळ्याकडे ५ + १२ − ४ = १३, म्हणून पिवळा.)

३. आरसे नाहीत, तर या लेसरचा प्रकाश एकाच दिशेला जाईल का? (नाही. तो चहूकडे जातो, म्हणून याचा पॉइंटर करता येणार नाही.)

शेवटी तक्त्याचं सांगते. तो आम्ही फाडला नाही. 'दोन आरसे' या चौकटीतले शब्द खोडून मुलांनी लिहिलं, 'प्रकाशाला आत रेंगाळायला लावणारी सोय', आणि खाली दोन चित्रं काढली : एकात आरसे, दुसऱ्यात पांढरे ठिपके. विज्ञान दिनाला तक्त्यापाशी तीच मुलगी उभी होती. एका पालकांनी तिला विचारलं, "यात आरसे कुठे आहेत गं?" तिने लगेच उत्तर दिलं नाही. "काका, आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा," म्हणाली.

तुमच्या वर्गात हा खेळ घेतलात तर जाग्या-झोपलेल्या मुलांची संख्या बदलून बघा आणि मुलांनी कोणते नवे नियम सुचवले ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पाठ घेताना ते कामी येतात.